फुलांचे पासपोर्ट फोटो

माझा नवरा आजारपणातून उठला आणि गुणी झाला, हेच माझं खरं दुखणं होतं.

ऐकणाऱ्याला वाटेल, बाई काय बोलते ही! पण तुम्ही आमच्या स्टुडिओत कधी फोटो काढून घेतला असतात तर तुम्हाला समजलं असतं. बुटांच्या दुकानाला लागून एक अरुंद जिना आहे, तो चढून वर आलं की आमचा स्टुडिओ. पुढच्या खोलीत काउंटर, आणि भिंतीवर आजवरच्या नवऱ्या मुली, तान्ही बाळं, टोप्या घातलेले पदवीधर. आतल्या खोलीत एक फिरतं स्टूल, दोन दिवे आणि मागे राखाडी कापड. त्या स्टुलावर बसलेल्या माणसाची ह्यांनी कधी गय केली नाही. "हनुवटी खाली. एवढी नाही, पडेल ती! खांदे सैल सोडा. मी फोटो काढतोय, दात नाही काढत." एका न्यायाधीशबाईंना सरळ म्हणाले, "तुम्ही हसू नका. तुम्हाला जमत नाही." मला वाटलं, आता हा माणूस तुरुंगात जातो आणि मी रोज डबा पोचवते. पण फोटो हातात पडल्यावर बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि पुढच्या वेळी नवऱ्यालाही घेऊन आल्या.

कारण ह्यांच्या फोटोत माणूस असतो तसाच दिसायचा, आणि तरी बरा दिसायचा. हे दोन्ही एकाच फोटोत साधणं सोपं नाही, हे मी इतकी वर्षं शेजारी उभी राहून बघितलंय.

माझं काम कापडाचं आणि कॉम्प्युटरचं. कापडाला इस्त्री करायची, ते ताणून लावायचं, गिऱ्हाइकाच्या केसांवरून कंगवा फिरवायचा, नाक चमकत असेल तर पावडरचा हात मारायचा, आणि मग संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून चेहऱ्यावरचे डाग काढायचे. त्यातही ह्यांचा कायदा होता. पुळी काढायची, तीळ काढायचा नाही. पुळी पाहुणी असते, तीळ घरचा असतो, असं त्यांचं म्हणणं. चुकून एखादा तीळ पुसला गेला की घर डोक्यावर घ्यायचे. कापडाला एक चुणी राहिली तर गिऱ्हाइकासमोर माझा उद्धार. मीही काही ऐकून घेणारी नाही, मी तिथल्या तिथे परतफेड करायची. आमचा संसार असा चालला होता आणि उत्तम चालला होता.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर हे स्टुलापाशीच कोसळले. अर्धांगाचा झटका आला होता. समोर फोटोसाठी बसलेली मुलगी नर्सिंग शिकणारी निघाली, तिनेच ओळखलं आणि तिनेच गाडी बोलावली. वेळेवर पोचलो म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. त्या मुलीचा फोटो मी नंतर मोठा करून भिंतीवर लावलाय. रोज सकाळी दिवा लावावा तशी मी आधी तिच्यावरची धूळ पुसते.

बोलणं परत आलं, पाय परत आले. उजवा हातही बराचसा आला, कप धरतो, दार ढकलतो. फक्त त्या हाताचं पहिलं बोट तेवढं ऐकेना. ज्या बोटाने आयुष्यभर बटण दाबलं, नेमकं तेच बोट रुसून बसलं. आणि बोटाबरोबर ह्यांचा रागही कुठेतरी राहून गेला. काहीही विचारलं की एकच उत्तर, "तुला योग्य वाटेल तसं." चहा आता करू का नंतर? तुला योग्य वाटेल तसं. खिडकी उघडू? तुला योग्य वाटेल तसं. एके दिवशी मी मुद्दाम भाजीत दुप्पट मीठ घातलं. म्हटलं, आता तरी ताट सरकवतील. ह्यांनी सगळी भाजी खाल्ली, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान झालीय." मी ओट्यापाशी जाऊन रडले.

मी देवाचे, डॉक्टरांचे उपकार विसरले होते असं नाही. माणूस डोळ्यांसमोर आहे, यापेक्षा काय हवं, असं मी दिवसातून दहादा स्वतःला बजावत होते. पण डोळ्यांसमोरचा माणूस फार सभ्य होता, आणि मला माझा हवा होता.

खालच्या बुटांच्या दुकानाच्या मालकांना माल ठेवायला जागा हवी होती. स्टुडिओ बंदच आहे तर वरची जागा द्याल का, म्हणून ते विचारायला आले. माणूस चांगला, घाईही केली नाही. हे म्हणाले, "देऊन टाकू. हिला योग्य वाटेल तसं." मी म्हटलं, वसंत संपेपर्यंत थांबा, मग सांगते. ते गेल्यावर मी नणंदेला फोन लावला.

माझी नणंद शाळेत खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी नसली तरी ती आहे असंच बोलते. भाऊ तिला लहानपणापासून ठकी म्हणतो, आणि ती पन्नाशीला आली तरी त्याला ओ देते. ती म्हणाली, "वहिनी, दादाला डोंगरात नेऊ. बर्फ वितळायला लागलाय, धबधबे भरून वाहतायत, फुलं आलीयत. तरुणपणी तो दर वसंतात जायचा की नाही? गाडी मी चालवते. तू कॅमेरा घे. त्याने उचलला तर उचलला. नाही उचलला, तर परत आल्यावर किल्ली देऊन टाक आणि मोकळी हो."

खेळाच्या मास्तरणीला हार-जीत सोपी वाटते. मी मात्र बॅगा भरताना त्या किल्लीकडे बघायचं टाळलं.

आम्ही उतरलो ते घर डोंगराच्या कुशीत होतं. लाकडी जिना, लाकडी जमीन, चाललं की सगळं घर कुरकुरायचं. खोलीत दोन पलंग, जाड रजया, कोपऱ्यात लोखंडी शेगडी आणि एक खिडकी. ती उघडी ठेवायची तर फटीत पुठ्ठ्याची घडी घालावी लागायची. खिडकीतून सुळके दिसायचे, त्यांच्या खांद्यांवर अजून बर्फ होता. नणंद शेजारच्या खोलीत. घरमालकीणबाई कमी बोलायच्या आणि भरपूर वाढायच्या, त्यामुळे मला फार आवडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धबधब्यासमोरच्या कठड्यावर गेलो. काय सांगू! वरच्या कड्यावरून पाणी सुटलं होतं ते निम्म्या वाटेत धूर होऊन खाली येत होतं. समोर डोंगरांच्या रांगा, एकामागे एक. कठड्यावर ही गर्दी. ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा, तिपाया मांडलेल्या. नणंद फोन घेऊन डावीकडून, उजवीकडून, बाकावर चढून फोटो काढत सुटली. मला वाटलं, आता. आता ह्यांचा हात शिवशिवणार. मी काळी बॅग बाकावर ठेवली, चेन उघडली, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आमच्याकडे काळ्या बॅगा दोन आहेत, अगदी जुळ्या. एक बाहेरची: तिच्यात डोंगर मावेल अशी रुंद लेन्स, तिपाई, पावसाची टोपी. दुसरी आतली: जिना चढू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन फोटो काढायचा असला की ती न्यायची. तिच्यात चेहऱ्याची लांब लेन्स, घडी केलेलं राखाडी कापड, कंगवा, पावडर, टाचण्या. बाहेरची बॅग नेहमी हे उचलायचे, आतली मी. वर्षानुवर्षं असंच. निघताना मी सवयीने माझी उचलली. ह्यांची कोणी उचललीच नाही, कारण ती उचलणारा माणूस हात खिशात घालून गाडीत जाऊन बसला होता.

म्हणजे डोंगर, धबधबा, आभाळ समोर पसरलेलं, आणि मी हातात कंगवा घेऊन उभी. नणंद बाकावरून उतरली. "वहिनी, हे काय?"

ह्यांनी बॅगेत डोकावून बघितलं. मग कंगव्याकडे बघितलं. मग धबधब्याकडे.

"त्याला भांग पाडायचाय का?"

नणंदेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. कित्येक महिन्यांत ह्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं तिरकं वाक्य होतं. मी श्वास धरून पुढच्याची वाट बघत राहिले. पण पुढचं आलं नाही. "ह्या लेन्समधून डोंगराचं फक्त नाक येईल," एवढं ते अगदी सौम्यपणे म्हणाले आणि परत हात खिशात घातले. थोड्या वेळाने म्हणाले, "छान आहे धबधबा." भाजीला म्हणाले होते त्याच आवाजात.

दिवसभर मी स्वतःला शिव्या घातल्या. सगळा डाव ज्या एका बॅगेवर लावला होता ती घरी दाराआड बसली होती. नणंद म्हणाली, मी रातोरात जाऊन घेऊन येते. ह्यांना विचारलं तर काय म्हणाले असतील ते मी सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या दिवशी घरमालकीणबाईंनी आम्हाला मागच्या उतारावरची पायवाट दाखवली. तिथे माणसं फारशी येत नाहीत, फुलं बघा, म्हणाल्या. धबधब्याचं पाणी खाली येऊन त्या कुरणातून खळखळत जात होतं, आणि दोन्ही बाजूंना फुलंच फुलं. निळी, पिवळी, जांभळ्या शिरा असलेली पांढरी. नावं मला एकाचंही ठाऊक नाही. मी सवयीने आतली बॅग खांद्याला अडकवली होती, निदान तीत चहाचा थर्मास मावत होता. हे थोडं चालले की दमायचे, म्हणून एका सपाट दगडावर बसले. मी चहा ओतत होते.

"हिची मान वाकडी आहे," हे म्हणाले.

मी मान सरळ केली. "कोणाची?"

"तुझी नाही. हिची." त्यांच्या बुटाशेजारी एक निळं फूल होतं, एकटंच, टाचेएवढं उंच. ते त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होते. डोळे बारीक केलेले मी कधीपासून बघितले नव्हते. "चेहरा चांगला आहे. पण मागे बघ काय गर्दी आहे. गवत, दगड, ठकीचे लाल बूट. कसा दिसणार चेहरा?"

"मी बूट काढू?" नणंद म्हणाली.

"कापड आण," हे मला म्हणाले.

'आणशील का' नाही, 'जमलं तर' नाही. कापड आण. माझ्या हातातला चहा गवतात सांडला, तो मी तसाच सांडू दिला.

नणंद फुलामागे गुडघ्यांवर बसली आणि तिने राखाडी कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. मी कंगव्याने फुलाभोवतीचं गवत बाजूला केलं. खरंच, गवताला भांग पाडला. ह्यांनी दगडावरून उतरून पोटावर झोपायला माझा आधार घेतला. कॅमेरा घेतला, डाव्या हाताने खालून पेलला, उजवा बाजूने धरला, डोळा लावला. "श्वास रोखा," असं ते त्या फुलाला म्हणाले. सवय! वारा खरंच थांबला.

आणि काहीच झालं नाही. मला त्यांचं बोट दिसत होतं. बटणावर होतं, थरथरत होतं, पण दाबत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी जोर केला तसा सगळा कॅमेराच हलला. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही होत."

तेव्हा मी काही विचार केला असं मुळीच नाही. मी त्यांच्या शेजारी गवतात आडवी झाले. साडी असती तर पंचाईत झाली असती, पण नणंदेने तिची खेळाची पँट मला चढवली होती. मी कॅमेरा त्यांच्या हातात परत दिला आणि माझं बोट बटणावर ठेवलं. "तुम्ही धरा, तुम्ही बघा. हं म्हणा, मी दाबते."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग डोळा लावला.

"हं."

मी दाबलं.

"उशीर झाला. परत. हं."

"दाबलं!"

"हं म्हटल्यावर दाबायचं असतं, हं म्हटल्याचा विचार करायचा नसतो! परत. ठके, कापड आहे ते, शाळेचा झेंडा नाही. फडकवू नकोस!"

नणंद कापडामागून ओरडली, "दादा, माझे हात भरून आलेत!"

"मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावतेस तेव्हा त्यांचे पाय भरून येत नाहीत का? धर!"

कापडामागे काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. ती शहाणी तिथे बसून हसत आणि आसवं गाळत होती, म्हणून ते कापड फडफडत होतं. मी इकडे शिव्या खात होते आणि मला त्या गोड लागत होत्या.

दुपारपर्यंत आम्ही त्या कुरणातल्या फुलांना एकेक करून बसवलं. हो, बसवलंच. पिवळ्याची हनुवटी वर होती, त्याला कोन बदलून घेतलं. पांढऱ्यावर ऊन फार होतं, त्याला नणंदेच्या टोपीची सावली दिली. दोन जुळी होती त्यांचा जोडफोटो काढला. एक तरुण जोडपं भल्या मोठ्या तिपाया घेऊन चाललं होतं, ते थबकलं. तीन म्हातारी माणसं गवतात लोळतायत आणि मध्ये पडदा धरलाय, हे त्यांना काही उमगेना. मुलगा अदबीने म्हणाला, "काका, धबधबा त्या बाजूला आहे."

"माहीत आहे," हे मान न वळवता म्हणाले. "त्याला गिऱ्हाईक पुष्कळ आहे. तुम्ही जरा बाजूला व्हा, सावली पडतेय."

संध्याकाळी शेगडीपाशी बसून आम्ही कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे फोटो बघितले. बरेचसे हललेले होते, माझ्या बोटाच्या कृपेने. पण जे नीट आले होते! मागे साधं राखाडी, पुढे एकच फूल, आणि ते फूल आपल्याकडे असं बघतंय की आता नाव-गाव सांगेल. एका पाकळीचा कोपरा किड्याने कुरतडलेला होता. मी विचारलं, "ही पुळी समजायची का तीळ?" ते पडदा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "तीळ." मी मान डोलावली. इतकी सुखी मी कित्येक महिन्यांत नव्हते.

आणि तिथेच माशी शिंकली. नणंद झोपायला गेली, तसे हे कॅमेरा पुसत पुसत म्हणाले, "मजा आली. पण एका फोटोला तीन माणसं लागली. उद्या स्टुडिओत गिऱ्हाईक आलं तर एवढी फलटण उभी करायची का? मी बघायचं, हं म्हणायचं, तू तुझ्या सवडीने दाबायचं. तोवर गिऱ्हाइकाचा चेहरा विरून जाईल. फूल थांबतं गं. माणूस थांबत नाही."

"मी शिकेन की लवकर दाबायला."

"तसं नाही." ते काच पुसत राहिले. "परत गेल्यावर त्यांना हो सांगू. जागा देऊन टाकू."

ह्या वेळी 'तुला योग्य वाटेल तसं' नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि ठाम होतं. इतके दिवस मी त्यांच्याकडे एक मत मागत होते. मिळालं ते हे. आणि चेहऱ्याबद्दल ते कधी चुकीचं बोलत नाहीत. मी पाठ करून झोपले आणि त्यातल्या त्यात चांगलं काय ते आठवायला लागले. फुलं झाली होती. त्यांनी मला झापलं होतं. हसले होते. एवढं तरी मिळालं, हे काय थोडं आहे, असं म्हणत म्हणत मला झोप लागली.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता.

झटक्यानंतर मी त्यांना एकटं कुठे सोडलेलं नाही. न्हाणीघराच्या दाराबाहेरसुद्धा मी उभी असते. मी ताडकन उठले. जिन्यावर नाहीत. खालच्या खोलीत नाहीत. घरमालकीणबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. मी अंगावर रजई गुंडाळून, पायात कोणाच्या तरी चपला सरकवून उताराकडे धावले. गवत दवाने भिजलेलं होतं, मी घसरले, परत उठले.

हे कुरणात पालथे पडले होते.

मी आणखी जोरात धावले. मग दिसलं की पाय हलतायत. डोकं हललं. समोर कॅमेरा होता, आणि तो त्यांनी उलटा धरला होता. डोक्यावर उभा केल्यासारखा, वरची बाजू खाली, घडी केलेल्या स्वेटरवर टेकवलेला. माझ्या मनात नको ते आलं. बोट गेलं होतं, आता समजही गेली.

"अहो! कॅमेरा उलटा आहे!"

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "उलटाच धरलाय."

आणि आवाज झाला. खटक्. त्यांनी काढला होता. मी नाही, त्यांनी. परत खटक्.

मी जाऊन मटकन शेजारी बसले. त्यांनी मला दाखवलं. कॅमेऱ्याचं बटण उजव्या हाताला असतं, सगळ्या कॅमेऱ्यांना तिथेच असतं, डावऱ्या माणसाने कुठे जायचं ह्याचा विचार कोणी केलेला नाही. पण कॅमेरा उलटा केला की बटण डावीकडे येतं, बरोबर डाव्या अंगठ्याखाली. रात्री काच पुसताना त्यांनी तो मांडीवर उलटा घेतला होता, अंगठा चुकून पडला आणि खोलीच्या छताचा फोटो निघाला. "मी म्हटलं, अरेच्चा! मग उजाडायची वाट बघत पडून राहिलो. तू घोरत होतीस."

मी घोरत नाही. पण ते मी त्या वेळी सोडून दिलं.

त्यांनी कॅमेरा सरळ करून पडद्यावरचा फोटो दाखवला. निळं फूल आभाळातून खाली लोंबकळत होतं. "हे असं येणार आहे का?" मी विचारलं.

"फिरवायचा. तुझ्या त्या कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं. कॅमेऱ्याला काय, त्याला वर-खाली समजत नाही. चेहरा मी त्या क्षणाला पकडला की झालं." त्यांनी परत कॅमेरा उलटा केला. "आणि आज खाली दुकानात फोन कर. त्यांना म्हणावं, माफ करा, मालाला दुसरी जागा बघा. आमची लागणार आहे."

मी काय काय वाटून घेऊ, असं मला झालं. आनंद होताच, पण खोटं कशाला बोलू, त्यात एक बारीकसा काटाही होता. काल दिवसभर माझं बोट त्यांचं होतं. "म्हणजे माझं बोट निकामी," मी म्हणाले.

"ते उशिरा दाबतं."

"ऐकून घेतलं काल."

"कापड धर," हे म्हणाले. "ठकी वाकडं धरते. कालचे निम्मे फोटो तिने घालवले. तुझ्यासारखं कोणी धरत नाही, ती जन्मात शिकायची नाही."

मी रजई तिथेच टाकली आणि कापड आणायला घराकडे पळाले. ह्या वयात, दवात, दुसऱ्याच्या चपलांत. जिना चढताना मी मनातल्या मनात सगळ्यांचे पाय धरत होते. डॉक्टरांचे, त्या नर्सिंगच्या मुलीचे, नणंदेचे, त्या बर्फाचे आणि फुलांचे, आणि ज्याने कोणी तो कॅमेरा असा बनवला की उलटा धरला तरी रुसत नाही, त्याचेही. नणंद दारात दात घासत उभी होती. मी तिला कडकडून मिठी मारली. तिच्या तोंडातला फेस माझ्या खांद्यावर आला.

परत आले तोवर ऊन सुळक्यांवरून खाली उतरून कुरणाच्या कडेला पोचलं होतं. हे पांढऱ्या फुलासमोर ठाण मांडून पालथे पडले होते. मी फुलामागे गुडघे टेकले. कापडाच्या दोन्ही कडा पकडल्या, ताणल्या, एकही चुणी ठेवली नाही. कापडाच्या वरच्या कडेवरून मला त्यांचं टक्कल आणि एक बारीक केलेला डोळा एवढंच दिसत होतं.

"डावीकडे. एवढं नाही. थोडं वर. हां, तिथे." मग फुलाला म्हणाले, "श्वास रोखा."

सगळं थांबलं. गवताचं एक पातंसुद्धा हललं नाही. मी वाट बघत राहिले, पण खटक् काही ऐकू येईना.

"अगं," ते कॅमेऱ्यामागून वैतागून ओरडले, "वारा पडलाय. मग कापड का हलतंय?"

मी कडा आणखी घट्ट धरल्या. दोन्ही हात कापडात गुंतलेले होते, डोळे पुसायचीही सोय नव्हती.